ऐनवेळचे विषय

आमच्या गावात कुणी "नगरपालिका करते तरी काय?" असं म्हणालं, तर तो प्रश्न आहे असं समजून उत्तर द्यायला जाऊ नये. ते स्वतःच उत्तर असतं. सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, दहाव्याला घाटावर, कुठंही ते म्हणता येतं आणि ऐकणाऱ्यानं फक्त "हो ना" म्हणायचं असतं. पाहुणे मात्र फसतात. माझे पुण्याचे मेहुणे एकदा दाढी करता करता खरोखरच सांगायला लागले, "म्हणजे असं बघा, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, साफसफाई..." सलूनमध्ये एकदम चिडीचूप. कारागिरानं त्यांच्या गालावरचा वस्तरा अलगद उचलला आणि अदबीनं विचारलं, "साहेब, आपण ठेकेदार का?"

तरीही कुणाला खरं उत्तर हवंच असेल तर ते 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात आहे, कलम 49. त्यात नगरपालिकेच्या कामांचे दोन ढीग केलेले आहेत. पहिला आवश्यक कर्तव्यांचा: दिवे, झाडलोट, गटारं, पाणी, आग विझवणं, धोकादायक इमारती पाडणं, स्मशान, जन्म-मृत्यूची नोंद. हे केलंच पाहिजे. दुसरा ऐच्छिक कामांचा: बागा, वाचनालयं, सभागृहं, विश्रामगृहं. पैसे आणि इच्छा असेल तर हे करावं. कायदा करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. आमच्या गावानं एवढंच केलं की दोन ढिगांवरच्या पाट्यांची अदलाबदल केली. त्यामुळे बसस्थानकासमोर रंगीत कारंजं आहे, त्याला तीन रंगांचे दिवे आहेत, शेजारी 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव लिहिलेला सेल्फी पॉइंट आहे. आणि त्याच कारंज्यामागच्या गटाराचा विषय गेली कित्येक वर्षं 'पाहणी करून अहवाल सादर करणे' या अवस्थेत आहे.

अर्थात सगळीच आवश्यक कर्तव्यं दुर्लक्षित आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. सार्वजनिक रस्त्यांवर पाणी शिंपडणं हेही त्या यादीत आहे. धूळ बसावी म्हणून इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं ते कलम. ते आमच्याकडे अत्यंत निष्ठेनं पाळलं जातं. जुन्या वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंतची जलवाहिनी चार ठिकाणी फुटलेली आहे आणि रस्ता बारा महिने ओला असतो. आग विझवण्याचंही तसंच. आपला आगीचा बंब वर्षातून एक-दोनदा आगीवर जातो आणि उरलेला वेळ समाजकार्य करतो. मंत्री हेलिकॉप्टरनं येणार असले की धूळ उडू नये म्हणून हेलिपॅड भिजवायला जातो, पुतळ्यांना अंघोळ घालायला जातो. एकदा तर लग्नाच्या मांडवाची जागा चेपून घ्यायला गेला होता, आणि नेमकी तेव्हाच कडब्याची गंजी पेटली. गंजीच्या मालकाला लग्नाचं आमंत्रण नव्हतं, म्हणून बंब कुठं आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

माणूस आणि नगरपालिका यांची पहिली भेट मात्र फार लवकर होते. नाव ठेवण्याच्याही आधी. मूल जन्मलं की एकवीस दिवसांत नोंद व्हावी लागते. बारसं कधी, नाव काय, यावरून आत्याबाई आणि आजी यांच्यात अजून वाटाघाटी चालू असतात. त्यामुळे नोंदवहीत नावाचा रकाना कोरा राहतो. पुढं नाव घालून घ्यायला नियम पंधरा वर्षं देतो. आमच्या लोकांना पंधरा वर्षं म्हणजे पुष्कळ वाटतात. मग मुलगी अमेरिकेत बाळंत होते, आईबापाला पासपोर्ट काढावा लागतो आणि चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेले, गावभर 'सर' म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ खिडकीशी उभं राहून ऐकतात की नगरपालिकेच्या दप्तरी ते आजही फक्त 'पुरुष अपत्य' आहेत. खिडकीतला कारकून त्यांचाच विद्यार्थी. "सर, वेळेवर यायला पाहिजे होतं," तो म्हणतो. हे वाक्य त्यानं त्यांच्याकडूनच ऐकलेलं असतं आणि एवढी वर्षं जपून ठेवलेलं असतं.

दुसऱ्या टोकाची नोंदही तिथंच होते. माझ्या आजोबांच्या मृत्यूचा दाखला नगरपालिकेनंच दिला, गोल शिक्क्यासह. त्याच इमारतीतला, भिंतीपलीकडचा कर विभाग त्यांना दरवर्षी घरपट्टीचं मागणी बिल पाठवतो आणि फेब्रुवारीत 'आपणास वारंवार सूचना देऊनही' अशी नोटीस काढतो. मी दाखला घेऊन गेलो. कर विभागातल्या बाई म्हणाल्या, "हा जन्म-मृत्यूचा आहे. आमच्याकडे नोंद वारसाच्या फेरफारानं होते." म्हणजे माणूस एका टेबलावर गेला म्हणून दुसऱ्या टेबलावर गेला असं होत नाही. आजोबांचा स्वभाव करारी होता. त्यांनाही हे आवडलं असतं.

घरपट्टीच्या त्या बिलावर एकट्या घराचीच पट्टी असते असं नाही. त्यात शिक्षणकर असतो, अग्निशमन कर असतो (बंबाचा उल्लेख वर आला आहे), वृक्षकर असतो. आमच्या गल्लीत वृक्ष म्हणावं असं एकच बोरीचं झाड होतं, ते रस्तारुंदीत गेलं. कर रुंद झाला तो राहिला. थकवलं की दरमहा दोन टक्के शास्ती. एवढ्यानंही न भरलं तर मार्च महिन्यात काही गावच्या नगरपालिका थकबाकीदाराच्या दारात बँड पाठवतात. आमच्याकडेही तो प्रयोग झाला. हेतू असा की चारचौघांत लाज वाटून माणूस पैसे भरेल. पहिल्याच दारात बँड वाजायला लागला तसा आतून म्हातारा बाहेर आला, त्यानं वाजवणाऱ्यांना पाणी दिलं, नातवंडं नाचायला लागली आणि शेवटी 'आता जरा ते झिंगाटवालं होऊ द्या' अशी फर्माईश आली. शेजारचे, ज्यांनी वेळेवर कर भरला होता, ते खिडकीतून हिरमुसल्या तोंडानं पाहत होते. वसुली पथक रिकाम्या हातानं परतलं आणि बँडवाल्यांचं बिल नगरपालिकेकडे थकलं.

पूर्वी जकात होती तेव्हा ही वेळ येत नसे. गावच्या चारही तोंडांना नाके होते, दोरीला बांधलेला बांबू होता, आणि बांबूपाशी बसलेला माणूस गाडीकडे न पाहता तिच्यात किती पोती आहेत हे सांगायचा. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली. आता तिच्या बदल्यात सरकारकडून सहायक अनुदान येतं, आणि ते आलं की पगार होतात. नाक्यांच्या खोल्या अजून उभ्या आहेत. एकीत वडापाव मिळतो. बांबू मात्र कुणी हलवलेला नाही. लहान मुलं त्यावर झोके घेतात.

गंमत अशी की ही नगरपालिका कुणी आपल्यावर लादलेली नाही, आपण मागून घेतलेली आहे. कंपनी सरकारचा 1850 चा कायदा असा होता की गावच्या लोकांनी अर्ज केला तरच तिथं नगरपालिका यायची. सरकार म्हणणार, तुम्हाला स्वतःवर कर बसवून घ्यायचा असेल तर कळवा. आणि लोकांनी कळवलं! साताऱ्याची नगरपालिका 1853 ची. कंपनी सरकारकडे 'आम्हाला पट्टी लावा' असा अर्ज लिहिणारे ते पूर्वज कसे असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. बहुधा त्यांच्या गल्लीतलं गटार फार तुंबलं असावं.

आता पाणी. गावात नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, आमदार, सगळे आहेत, पण रोजच्या व्यवहारात सत्ता एकाच माणसाच्या हाती असते आणि ती अक्षरशः हाती असते: कमरेएवढी लोखंडी चावी घेऊन सायकलवरून फिरणारे व्हॉल्व्हवाले मामा. लग्नाची पहिली पत्रिका ग्रामदैवताला, दुसरी मामांना. कारण लग्नघराच्या भागात त्या दिवशी पाणी किती वाजता आणि किती वेळ हे पाणीपुरवठा सभापतींना माहीत नसतं, मामांना असतं. ते बोलत नाहीत. चावी फिरवतात, जमिनीला कान लावतात, मान हलवतात. पाणी पहाटे चारला आलं तर आपणही चारला उठायचं. आमच्या पिढीतल्या अनेकांना स्पर्धा परीक्षेत जे यश मिळालं त्याचं श्रेय क्लासवाल्यांनी जाहिरातीत घेतलं. ते मामांचं आहे. आणि पाणी आलं की लगेच गल्लीभर एक बारीक गुणगुण सुरू होते. ती भूपाळी नव्हे. नळाला मोटर लावायची नाही असा नियम असल्यामुळे प्रत्येक घरातल्या मोटरवर जुनी रजई टाकलेली असते.

एकदा हे सगळं बदलण्याची संधी आली होती. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, त्याचं देशभर नाव झालं, पारितोषिकं मिळाली, तेव्हा आमचेही सदस्य अभ्यासदौऱ्यावर गेले. अभ्यासदौरा म्हटला की वाटेत महाबळेश्वर लागतंच, भूगोलाला इलाज नाही. पण खरंच ते मलकापूरला गेले, रात्री दोन वाजता नळ उघडून पाहिला, पाणी आलं, सगळे भारावले. गावी येऊन सभा घेतली. टाळ्या पडल्या. मग कुणीतरी विचारलं की तिथं एवढं पाणी पुरतं कसं, आणि सदस्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की प्रत्येक नळाला मीटर आहे, जो जास्त वापरतो तो जास्त भरतो. त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरली ती मेहुण्यांच्या सलूनमधल्या शांततेपेक्षा खोल होती. चोवीस तास पाण्याची मागणी गावानं त्याच रात्री मागे घेतली. कसं आहे, चार वाजता उठणं तब्येतीला चांगलं असतं.

वेंगुर्ल्याचंही तसंच. त्या नगरपालिकेनं कचऱ्याचं इतकं बारीक वर्गीकरण केलं की कचरा डेपो बघायला लोक गाड्या करून जायला लागले. आमच्याकडेही कचरा डेपो बघायला लोक येतात, पण ते राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे असतात.

सर्वसाधारण सभेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गावात फुकट बघण्यासारखं तेवढंच उरलं आहे. विषयपत्रिका छापील असते. पहिला विषय नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे'. मागच्या सभेत काय झालं हे प्रत्येकाला वेगळं आठवत असल्यामुळे दुपारपर्यंत तोच चालतो. मधले विषय, म्हणजे गटार, निविदा, औषध फवारणी, 'सर्वानुमते मंजूर' या दोन शब्दांत उरकतात. आणि शेवटी येतात ऐनवेळचे विषय. अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे हे विषय कागदावर नसतात, म्हणून सगळ्यांना ते पाठ असतात. कुठल्या चौकाला कुणाचं नाव द्यायचं, हा त्यांतला राजा. रस्त्याला खड्डा पडला तर एक अर्ज येतो. चौकाला नाव द्यायचं म्हटलं तर सतरा अर्ज, दोन मोर्चे आणि एक उपोषण. आमच्याकडे चौक संपले. हल्ली दोन गल्ल्या जिथं जेमतेम एकमेकींना स्पर्श करतात त्या कोपऱ्यालाही चौक म्हणून नाव मिळालं आहे. तिथं एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो आणि तो बहुधा पाटी वाचत असतो.

ठरावाची ताकद मात्र कमी लेखू नये. पुणे नगरपालिकेत 1876 ते 1882 या काळात जोतीराव फुले सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. सगळ्या सभासदांनी मान डोलावली. एकट्या जोतीरावांनी विरोध केला, हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. स्वागत झालंच. मंडईची भव्य इमारत बांधायलाही त्यांचा विरोध होता, तोच पैसा शिक्षणावर जावा म्हणून. तीही झाली आणि गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट म्हणवली. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा त्यांच्या पुढाकारानं तिचं नाव बदललं. आज ती महात्मा फुले मंडई आहे. ज्यानं विरोध केला त्याचंच नाव इमारतीला द्यायचं, एवढी सर्वसमावेशक वृत्ती नगरपालिकेखेरीज कुठं सापडणार?

महाडचा ठराव तर शाळेच्या पुस्तकात गेला. चवदार तळं सर्वांना खुलं, असं महाडच्या नगरपालिकेनं 1924 मध्ये मंजूर केलं आणि ठराव दप्तरात नीट बांधून ठेवला. तळ्याला त्याची गंधवार्ता नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा कुठं तो ठराव अंमलात आला. त्यानंतर नगरपालिकेनं काय करावं? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो ठराव रद्द केला. पुढची दहा वर्षं कोर्टात गेली आणि 1937 मध्ये हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला. इथं विनोद करावासा वाटत नाही. पण 'मंजूर' आणि 'झालं' यांच्यामधलं अंतर चालत जाऊनच कापावं लागतं, एवढं आमच्या गटाराच्या अर्जदारांना मी सांगत असतो.

इमारतींच्या बाबतीत मात्र नगरपालिका कधीच मागे राहिल्या नाहीत. जळगाव नगरपालिकेनं सतरा मजली इमारत बांधली, आणि गंमत म्हणजे ती बांधली तेव्हा जळगावला महानगरपालिका व्हायची होती. ती 2003 ला झाली. आधी मजले, मग दर्जा. आमच्या नगरपालिकेला तीन मजले आहेत, लिफ्टची जागा सोडलेली आहे, आणि त्या जागेत 1998 सालच्या मतदारयाद्या आहेत. छतावर भोंगा आहे. तो सकाळी साडेआठला आणि रात्री साडेआठला वाजतो. घड्याळं त्यावर लावली जातात आणि भोंगा वाजवणारा शिपाई स्वतःचं घड्याळ समोरच्या सोनाराच्या दुकानातल्या घड्याळावर लावतो. सोनार कशावर लावतो हे मी विचारलं. तो म्हणाला, "भोंग्यावर."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना 2021-22 च्या सुमारास नगरपालिकांच्या मुदती संपल्या, आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि निवडणुका लांबल्या. राज्यभर प्रशासक आले. नगराध्यक्ष कुणी निवडायचा हेही सरकारचं एकदाचं ठरत नव्हतं: 2016 मध्ये थेट जनतेनं, 2020 मध्ये नगरसेवकांनी, 2022 मध्ये पुन्हा जनतेनं. त्यामुळे जनतेला आपण एकदम शहाणे आहोत की नाही हे दर दोन-चार वर्षांनी राजपत्रातून कळत असे. आम्हाला आधी वाटलं, बरं झालं. साहेब एकटे, सही एक, भांडण नाही. खरंच कामं भराभर होऊ लागली. पण थोड्याच दिवसांत गाव बेचैन झालं.

कारण नगरसेवक नुसता कलम 49 साठी नसतो. कायद्यानं न मोजलेला एक तिसरा ढीग असतो आणि तो सगळा त्याच्या डोक्यावर असतो. सिव्हिलमध्ये खाट मिळत नाही, नगरसेवकाला फोन. पोरानं बाइक ठोकली, फोन. रहिवासी असल्याचं लेटरहेडवर लिहून द्या. सासऱ्यांचं रेशनकार्ड. भाऊबंदकीत मध्यस्थी. साखरपुड्याला यायलाच हवं, नाहीतर मुलाकडचे म्हणतील यांची ओळख नाही. मयताला तर सगळ्यांच्या आधी, आणि लाकडांची सोय सांगायच्या आत. प्रशासकसाहेब चांगले होते, पण रात्री साडेअकराला उंदराच्या औषधानं कुत्रं लोळतंय म्हणून त्यांना फोन कोण करणार? त्यांच्याकडे दुपारी चार ते पाच भेटण्याची वेळ होती. शिवाय त्यांना शिव्या देऊन समाधान नव्हतं. ते बदलीवर जाणार होते, शिव्या इथंच राहणार होत्या. लोक जुन्याच नगरसेवकाकडे जात राहिले. तो म्हणायचा, "मी आता कुणी नाही हो." लोक म्हणायचे, "असू दे, तू सही कर."

शेवटी डिसेंबर 2025 मध्ये मतदान झालं. आमच्या प्रभागातून निवृत्त मुख्याध्यापिका निवडून आल्या. जागा निम्म्या बायकांसाठी राखीव झाल्यापासून नगरसेविकेला फोन केला की पलीकडून 'बोला, मी साहेब बोलतोय' असं त्यांच्या यजमानांनी म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. पहिल्याच दिवशी गटारवाल्या गल्लीतल्या भाऊंनी फोन लावला. पलीकडून स्वतः ताई. भाऊ गडबडले. "साहेब नाहीत का?"

"ते भाजी आणायला गेलेत. तुम्ही बोला."

भाऊंनी मग मोकळेपणानं सगळं सांगितलं. गटार, कारंजं, डास, चार वाजताचं पाणी, बंब, आणि शेवटी नेहमीचं: नगरपालिका करते तरी काय? ताईंनी सगळं ऐकून घेतलं. कागदावर लिहून घेतल्याचा आवाजही येत होता. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला मी गटारापाशी येते. तुम्हीही या. येताना घरपट्टीची पावती घेऊन या, म्हणजे अर्जाला जोडता येईल. आणि तुमच्या पडवीचं बांधकाम त्या गटारावर किती फूट आलंय तेही एकदाच टेपनं मोजून घेऊ."

"हॅलो?" भाऊ म्हणाले. "हॅलो? ताई? आवाज येत नाही. रेंज गेली वाटतं."